एचआयव्ही लस-संशोधनात यायचंय? मग आधी पडलेल्या चाचण्या वाचा

एप्रिल १९८४ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी वॉशिंग्टनमध्ये पत्रकार परिषद घेतली. एड्सचा विषाणू सापडला आहे आणि साधारण दोन वर्षांत लस चाचणीसाठी तयार होईल, अशी आशा त्यांनी बोलून दाखवली. ती दोन वर्षं अजून संपलेली नाहीत.

एम.एस्सी. करणारी, एम.बी.बी.एस. संपवून पुढे काय या पेचात पडलेली मुलं-मुली अधूनमधून विचारतात, "मॅडम, एचआयव्हीच्या लसीवर पीएच.डी. केली तर पुढे काय?" एकेकाला फोनवर सांगून घसा कोरडा होतो, म्हणून एकदाच लिहून ठेवते. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की लस यशस्वी होण्यावर आपलं करिअर टांगू नका. लस पडली तरी ज्याची किंमत राहील असं काम निवडा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबानं सांगितल्या आहेत.

पायरी पहिली: पडलेल्या चाचण्या वाचा, तेही वही-पेन घेऊन

इम्युनॉलॉजीचं जाडजूड पुस्तक सगळेच वाचतात. त्याच्या जोडीला या क्षेत्राचा अपयशाचा इतिहास वाचा, कारण मुलाखतीत खरी पारख तिथे होते.

सुरुवात थायलंडच्या आरव्ही१४४ चाचणीपासून करा. १६,४०२ माणसं, निष्कर्ष २००९ मध्ये. लस घेतलेल्या गटात ५१ जणांना लागण झाली, नुसतं पाणी टोचलेल्या गटात ७४ जणांना. दोन्ही गट जवळपास सारख्याच संख्येचे. आता स्वतः भागाकार करा. ५१ भागिले ७४ म्हणजे ०.६९, म्हणजे लागण सुमारे ३१ टक्क्यांनी कमी. वर्तमानपत्रांनी एवढंच छापलं. तुम्ही मात्र शेजारच्या मर्यादा बघा: १.१ ते ५२.१ टक्के. म्हणजे खरा परिणाम जेमतेम एक टक्का असू शकतो किंवा निम्म्याहून जास्तही असू शकतो. हे वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की तुम्ही निम्मी लढाई जिंकलात.

मग उहांबो ही चाचणी घ्या. थायलंडमधल्याच धर्तीची लस दक्षिण आफ्रिकेतल्या एचआयव्हीच्या 'सी' उपप्रकारासाठी बेतली आणि ५,४०७ लोकांवर तपासली. फेब्रुवारी २०२० मध्ये ती थांबवली तेव्हा लस-गटात १२९ आणि दुसऱ्या गटात १२३ जणांना लागण झालेली होती. म्हणजे काहीच फरक नाही. त्याआधी २००७ मध्ये स्टेप चाचणीत तर उलटंच घडलं होतं. लसीचा वाहक म्हणून वापरलेल्या अ‍ॅडेनोव्हायरस-५ या सर्दीच्या विषाणूविरुद्ध ज्या पुरुषांच्या रक्तात आधीपासून प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) होती आणि ज्यांची सुंता झालेली नव्हती, त्यांच्यात लस घेतल्यावर लागण जास्त दिसली. पुढे २०२१ मध्ये इम्बोकोडो आणि २०२३ मध्ये मोझायको, दोन्ही निष्फळ.

या रांगेत एका चाचणीपाशी जरा थांबा. २०२१ चं एएमपी. यात लस नव्हती. व्हीआरसी०१ नावाचं तयार प्रतिपिंड माणसांना सलाईनमधून दिलं. एकूण लागण कमी झाली नाही, म्हणून मथळ्यांत 'अपयश' आलं. पण ज्या विषाणूंवर हे प्रतिपिंड चालतं, फक्त त्यांचा हिशेब केला तेव्हा बचाव सुमारे ७५ टक्के निघाला. म्हणजे योग्य प्रतिपिंड पुरेशा प्रमाणात असलं तर विषाणू अडतो, हे माणसात पहिल्यांदा दिसलं. आज या क्षेत्रातली बरीचशी धावपळ याच एका धाग्यावर चालली आहे. ते प्रतिपिंड बाहेरून टोचण्याऐवजी शरीराकडूनच कसं बनवून घ्यायचं?

ते सोपं का नाही हेही बघून ठेवा. विषाणूच्या अंगावर काटे मोजकेच, सरासरी चौदाच्या आसपास, आणि तेही साखरेच्या आवरणाखाली दडलेले. नक्कल करताना तो इतक्या चुका करतो की एकाच माणसाच्या अंगात त्याची असंख्य रूपं फिरत असतात. लागण झाली की काही दिवसांतच तो पेशीच्या डीएनएत घर करतो. देवी किंवा गोवर होऊन बरी झालेली माणसं होती, त्यांच्याकडे बघून लस कशी असावी हे कळत होतं. एचआयव्हीत असा आपसूक बरा झालेला रुग्ण अगदी विरळा.

पायरी दुसरी: दोन दारं आहेत, कोणतं आपलं ते ओळखा

एक दार वैद्यकीय. एम.बी.बी.एस., नीट-पीजी, मग एम.डी. मायक्रोबायोलॉजी, मेडिसिन किंवा पीएसएम (सामाजिक वैद्यक). या दारानं आलेल्याला रुग्ण आणि स्वयंसेवक तपासता येतात, चाचणीचा प्रमुख संशोधक होता येतं. अडचण अशी की एम.डी. झाल्यावर हातात पिपेट धरायची सवय नसते आणि प्रॅक्टिस करणाऱ्या बॅचमेटची गाडी दरवर्षी मोठी होत जाते. हे दुसरं दुखणं कमी समजू नका, त्यानं बरेच जण परत फिरतात.

दुसरं दार विज्ञानाचं. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, बायोकेमिस्ट्री किंवा लाईफ सायन्सची एम.एस्सी. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्थेत, म्हणजे आपल्या एनआयव्हीत, एम.एस्सी. व्हायरॉलॉजी आहे आणि पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची. विषय इतका नेमका असलेला अभ्यासक्रम घराजवळ असताना तो न बघता दिल्लीचे फॉर्म भरणारी मुलं मी पाहिली आहेत. पुढे पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी नेट, डीबीटीची बेट किंवा गेट. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० आणि वर घरभाडं. (विद्यावेतन वेळेवर जमा होईलच असं धरून चालू नका. तीन महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या.)

संख्याशास्त्र किंवा संगणकाचं शिक्षण झालेल्यांनाही इथे जागा आहे आणि ती दरवर्षी वाढते आहे. फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून तपासणारं यंत्र) तपासलेल्या एका नमुन्यातून आता इतकी माहिती निघते की 'आर' किंवा पायथॉन न येणारा इम्युनॉलॉजिस्ट दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतो.

पायरी तिसरी: लॅब निवडा, नाव नव्हे

पुण्यात भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. आता तिचं नाव बदलून निटवार झालं आहे, पण जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'नारी'च. भारतातली पहिली एचआयव्ही लसीची चाचणी २००५ मध्ये इथेच झाली. लस सुरक्षित ठरली पण प्रतिसाद तोकडा आला, म्हणून ती पुढे नेली नाही. पुढे २००९ पासून डीएनए आणि मग एमव्हीए (देवी-गटातला दुबळा केलेला विषाणू) अशा दोन टप्प्यांच्या लसीची चाचणी पुणे आणि चेन्नईत झाली. याशिवाय विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र (एनसीसीएस), मुंबईत परळची प्रजनन व बाल आरोग्य संस्था, फरिदाबादची टीएचएसटीआय, बंगळूरची जेएनसीएएसआर आणि दिल्लीचं एम्स या ठिकाणी एचआयव्हीवर काम झालेलं आहे. गेल्या तीन वर्षांत तिथून या विषयावर काय छापून आलंय ते पबमेड या शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत बघा. जुनी पुण्याई आणि चालू काम यांत फरक असतो.

गाईडला मेल लिहिताना 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम हार्डवर्किंग' हे साफ गाळा. त्यांच्या एका पेपरमधल्या एका आकृतीवर एक खरा प्रश्न विचारा, आपल्याला काय येतं ते दोन ओळींत सांगा, सोबत एक पानी बायोडेटा जोडा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको.

भेटीला गेलात तर गाईडशी बोलून लगेच बाहेर पडू नका. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याला चहाला न्या आणि तीन गोष्टी विचारा. नमुने कुठून येतात? ते कोणाच्या मंजुरीनं वापरता येतात? मागची दोन मुलं किती वर्षांत बाहेर पडली? नमुने नाहीत अशा लॅबमध्ये मानवी इम्युनॉलॉजीची पीएच.डी. म्हणजे विहीर न खोदता मोट बांधण्यासारखं.

पायरी चौथी: हात बसवा

या क्षेत्राचं अआइई म्हणजे रक्तातून पीबीएमसी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या करणं. वाचायला चार ओळींचं काम, हात बसायला चार महिने.

रक्त आल्या आल्या वेळ लिहायची. काढल्यापासून आठ तासांच्या आत पेशी गोठवल्या गेल्या पाहिजेत, उशीर झाला की त्या मलूल होतात. पन्नास मिलीच्या नळीत खाली पंधरा मिली फायकॉल (रक्ताचे थर वेगळे करणारा द्रव). रक्तात तेवढंच पीबीएस (खारं द्रावण) मिसळायचं, नळी तिरकी धरायची आणि डोशाच्या कडेनं तेल सोडतात तसं ते नळीच्या भिंतीवरून हळूहळू सोडायचं. फायकॉलवर रक्ताचा स्वच्छ थर बसला पाहिजे. रेघ गढूळ दिसली की समजायचं, हात थरथरला. मग सेंट्रीफ्यूज: ४०० जी, तीस मिनिटं, खोलीच्या तापमानाला, ब्रेक बंद.

हा 'ब्रेक बंद' मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या वर्षी सकाळपासून जमवलेल्या आठ नळ्या मी ब्रेक चालू ठेवून फिरवल्या. यंत्र झपकन थांबलं. झाकण उघडलं तर मधलं पांढुरकं कडं सगळीकडे विरघळलेलं. आठ माणसांनी उपाशीपोटी येऊन दिलेलं रक्त होतं ते. आमच्या टेक्निशियन काकांनी आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाले, "बाळ, त्या आठ जणांना आता फोन तू कर." मी केला. त्यानंतर यंत्रावर चिठ्ठी चिकटवली आणि ती पुढे सगळ्यांच्याच कामी आली.

सगळं नीट झालं तर खाली तांबड्या पेशी, वर फायकॉल, त्यावर धुरकट पांढरं कडं आणि सगळ्यात वर पिवळसर प्लाझ्मा. ते कडं हलकेच उचलायचं, दोनदा धुवायचं, ट्रायपॅन ब्लू घालून मोजायचं (मेलेल्या पेशी निळ्या दिसतात), आणि दहा टक्के डीएमएसओ (गोठताना पेशी वाचवणारं रसायन) घातलेल्या सिरममध्ये गोठवायचं. उणे ८० ला एक रात्र, मग लिक्विड नायट्रोजन. डीएमएसओ मिसळल्यावर गप्पा मारत बसायचं नाही, खोलीच्या तापमानाला ते पेशींना विषासारखं असतं.

त्यानंतर दोन चाचण्यांत हात पक्का करा. एक एलिस्पॉट किंवा इंट्रासेल्युलर स्टेनिंग, म्हणजे टी-पेशी विषाणूचा तुकडा ओळखतात का ते बघणं. दुसरी टीझेडएम-बीएल पेशींवरची निष्प्रभीकरण चाचणी. विषाणू आत शिरला की या पेशी ल्युसिफरेज तयार करतात, मग त्यांत घातलेल्या रसायनानं उजेड पडतो. रक्तातल्या प्रतिपिंडांनी विषाणू अडवला तर उजेड कमी. पीएच.डी. संपताना या दोन्ही चाचण्या कोणाच्या मदतीविना, तारखेनिशी नोंदी ठेवून, महिन्याभरानं तोच आकडा परत येईल अशा करता आल्या, तर जगात कुठेही तुम्हाला काम मिळेल.

सुरक्षिततेचं थोडक्यात. लॅबमध्ये पाय ठेवण्याआधी हिपॅटायटिस बी-चे तिन्ही डोस पूर्ण करा आणि प्रतिपिंडं तपासून घ्या. जिवंत विषाणू वाढवण्याचं काम बीएसएल-३, म्हणजे जास्त कडक सुरक्षेच्या लॅबमध्ये, एकदाच शिरू शकणाऱ्या नकली विषाणूचं बीएसएल-२ मध्ये चालतं. सुई टोचलीच तर लाजून लपवू नका. एचआयव्हीबाधित रक्ताच्या सुईनं लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते आणि औषध लवकर सुरू केलं तर ती आणखी कमी होते. पहिला डोस शक्यतो दोन तासांत, कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत, आणि कोर्स २८ दिवसांचा. ही औषधं तुमच्या संस्थेत रात्री दोन वाजता कोणाच्या कपाटात असतात, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.

पायरी पाचवी: नळीमागचं माणूस

लॅबवाल्यांनी वर्षातून काही दिवस तरी समुपदेशकांच्या खोलीत बसावं असं माझं ठाम मत आहे. लसीच्या चाचणीला येणारी माणसं निरोगी असतात. त्यांना यातून औषध मिळणार नसतं, उलट घरी काय सांगायचं हा घोर असतो. एक स्वयंसेवक समुपदेशक ताईंना विचारत होता, "ताई, ही लस टोचल्यावर मला एड्स तर नाही ना होणार?" ताईंनी सांगितलं, "नाही दादा. यात विषाणू नाही, त्याचे नुसते सुटे तुकडे आहेत." मग थोडं थांबून पुढचंही सांगितलं, "पण उद्या बाहेर कुठे साधी एचआयव्हीची टेस्ट केलीत तर ती पॉझिटिव्ह येऊ शकते. कारण लसीमुळे तुमच्या रक्तात प्रतिपिंडं येतील. म्हणून टेस्ट आमच्याकडेच करायची आणि हे कार्ड जपून ठेवायचं." विमा, रक्तदान, नोकरीची वैद्यकीय तपासणी या सगळ्यात हा मुद्दा आडवा येतो. पेपरमध्ये तो अर्ध्या ओळीत उरकलेला असतो.

कायद्याचं वाचन इथेच करा: एचआयव्ही-एड्स कायदा २०१७, नवीन औषधे व चाचणी नियम २०१९, आणि चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदणी. एक बारकावा बघा. दुर्बल गटातल्या व्यक्तींवर नव्या औषधाची चाचणी असेल तर संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रण बंधनकारक आहे, पण एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांसाठी फक्त आवाज ध्वनिमुद्रित करायचा. चेहरा नाही. हा नियम कशासाठी असेल हे वेगळं सांगायला नको.

पायरी सहावी: प्रश्न असा निवडा की दोन्ही बाजूंनी चालेल

'ही लस काम करते का?' हा प्रबंधाचा प्रश्न नव्हे. उत्तर 'नाही' आलं की पाच वर्षं पाण्यात. त्याऐवजी 'लस घेतलेल्यांपैकी काहींच्यात प्रतिसाद टिकला आणि काहींच्यात विरला, त्यांच्या बी-पेशींत (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी) फरक काय?' असं विचारा. लस पडली तरी हे उत्तर राहतं. आरव्ही१४४ च्या साठवलेल्या नमुन्यांतून २०१२ मध्ये जे निघालं ते असंच. विषाणूच्या काट्यावरच्या व्ही१व्ही२ भागाविरुद्धची प्रतिपिंडं ज्यांच्यात जास्त होती त्यांना लागण कमी झालेली दिसली. उहांबोत तोच धागा पुढे टिकला नाही, हे खरं. पण ज्यांनी ते काम केलं त्यांची पद्धत आज इतर लसींसाठी वापरली जाते.

सध्या चर्चेत असलेली दिशा म्हणजे जर्मलाईन टार्गेटिंग. व्हीआरसी०१ सारखं प्रतिपिंड बनवू शकतील अशा मूळ बी-पेशी आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगात असतात, पण साधारण तीन लाखांत एक. आधी त्यांनाच जागं करायचं आणि पुढच्या डोसांनी टप्प्याटप्प्यानं शिकवायचं. जी००१ या छोट्या चाचणीत लस मिळालेल्या ३६ पैकी ३५ जणांत त्या पेशी जाग्या झाल्या. याचा अर्थ ३५ जण सुरक्षित झाले असा अजिबात नाही, ही फक्त पहिली इयत्ता. नंतरच्या एमआरएनए चाचण्यांत प्रतिसाद आला, पण काहींच्या अंगावर पित्त उठलं, त्यामुळे तिथेही सोडवायला प्रश्न आहेत.

पायरी सातवी: बाहेर जा, पण डोळे उघडे ठेवून

पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन, म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर अमेरिका. ड्यूक, स्क्रिप्स, एमरी, बॉस्टनची रॅगॉन संस्था, बेथेस्डाचं लस संशोधन केंद्र ही नावं मोठीच आहेत. पण मे २०२५ मध्ये एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेनं ड्यूक आणि स्क्रिप्स इथल्या एचआयव्ही लस-गटांचं मोठं अनुदान पुढे न वाढवण्याचं कळवलं. एकाच देशाच्या पैशावर उभ्या असलेल्या क्षेत्राचं असंच होतं. माझं ऐकाल तर डर्बनचा विचार करा. तिथेही आपल्यासारखाच 'सी' उपप्रकार आहे, रुग्णसंख्या प्रचंड आहे आणि काम पहिल्या दर्जाचं चालतं.

"आता सहा महिन्यांतून एकदा लेनाकॅपाविरचं लागण रोखणारं इंजेक्शन आलंय, मग लस कशाला?" हा प्रश्न मुलाखतीत येणारच. २०२४ च्या चाचणीत ते घेणाऱ्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. उत्तर प्रामाणिक द्या. इंजेक्शन उत्तम आहे, पण ते आयुष्यभर वर्षातून दोनदा पोचवावं लागतं. आणि हो, त्यामुळे पुढच्या लस-चाचण्यांना लागणीच कमी मिळतील, म्हणून त्या मोठ्या आणि महाग होतील. हे दोन्ही बोललात तर समोरचा मान डोलावेल.

दुसरीकडे शिकलेलं वायाही जात नाही. अ‍ॅडेनोव्हायरस-२६ चा वाहक एचआयव्हीच्या चाचण्यांत वापरला होता, तोच जॉन्सनच्या कोविड लसीत आला. करोनाच्या साथीत एचआयव्ही लॅबमधली मुलं महिन्याभरात निष्प्रभीकरण चाचण्या करायला लागली, कारण हात तयार होते.

परत यायचं असेल तर रामलिंगस्वामी फेलोशिप, इंडिया अलायन्स आणि आयसीएमआरची सायंटिस्ट-बी किंवा वरची पदं यांवर लक्ष ठेवा. वयाची आणि पीएच.डी.नंतरच्या वर्षांची अट दरवेळी जाहिरातीत नीट वाचा. अर्ज भरण्यात किमान सहा महिने जातात, त्यामुळे परदेशातला करार संपायच्या वर्षभर आधी सुरुवात करा.

आणि स्वतःची लॅब मिळालीच, तर पहिल्या अनुदानात महागडा फ्लो सायटोमीटर घेऊ नका, तो शेजारच्या संस्थेत तासावर मिळतो. आधी उणे ८० चा फ्रीझर, लिक्विड नायट्रोजनची टाकी आणि तापमान चढलं की मोबाईलवर वाजणारा अलार्म घ्या. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, जनरेटर आहे असं सगळे सांगतात, आणि नेमकं त्यात डिझेल नसतं. ते कोण भरणार, त्या माणसाचं नाव आणि नंबर फ्रीझरच्या दारावर लिहून ठेवा.